जहेजच्या पेटीतली प्रत

अकोट, ६ नोव्हेंबर २००६

अफिफा,

सलाम घे. घ्यायचा नसला तर बाजूले ठेव, पण पुढचं वाच.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भावानं, गुलफामनं, एकदा उचलला अन् "आपा झोपली आहे" म्हणाला. बाळंतीण झोपते, मले समजते, मीही एक जन्माले घातला होता. पण मी फोन करीन तेव्हाच झोपते का व? रमजानात पोरगी झाली, तिचं नाव नगमा ठेवलं, हे मले अचलपूरहून येणाऱ्या बांगडीवालीनं सांगितलं. दादी मी आहे की बांगडीवाली?

जाऊ दे. कामाचं लिहिते.

गुलफाम टेम्पो घेऊन आला अन् तुझं जहेज, माहेरून आणलेलं सारं सामान, घेऊन गेला. मी अडवलं नाही. पलंग, शिलाई मशीन, डेग, सगळं काढून दिलं. तुमचा एक चमचा आमच्या घरात राहिला नाही, पाहिजे तर गुलफामले विचार. पण तुझ्या लोखंडी पेटीत, शादीच्या हिरव्या कपड्यांच्या जोड्याखाली, एक काळा डबा आहे. वहीएवढा. कम्प्युटरची हार्डडिस्क म्हणतात त्याले. तो वकारनं ठेवला होता. तो मले पाहिजे.

तो तिथं काहून ठेवला, ते तुले नसंल सांगितलं तर मी सांगते. बियाण्याच्या प्लांटले क्वालिटीचं सर्टिफिकेट घ्यायचं होतं, तेव्हा लॅबमधली सगळी कार्यपद्धती आपल्या वकारलेच लिहाले लावली. जेवताना मले वाचून दाखवायचा. मी रजयांत कापूस भरणारी बाई, मराठी शाळेत दहावी झालेली, मले काय समजणार? पण ऐकून ऐकून पाठ झालं. "अम्मी, ऐक. दर आठवड्याले सगळ्या नोंदींची प्रत काढायची, अन् ती प्रत त्याच इमारतीत ठेवायची नाही. आग लागली, चोरी झाली, तर दुसरी प्रत वाचली पाहिजे." मंग प्लांटच्या साहेबानं म्हटलं, दुसरी इमारत कुठून आणू, तुझ्या घरी ने. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजले जायच्या आधी हा डिस्क लावून जायचा, नमाज होईपर्यंत प्रत निघायची, अन् सांजच्याले घरी. आपल्या घरात कुलूप लागणारी एकच वस्तू होती, तुझी पेटी. म्हणून तिथं.

जुलैत वकार गेला. ऑगस्टमधे लाईट गेली, आली, अन् येताना असा झटका दिला का लॅबचं कम्प्युटर जळलं. आता प्लांटवाले म्हणून राहिले का सरकीचा जो लॉट कोणाच्याच वावरात उगवला नाही, त्याच्या तपासणीचा आकडा वकारनं चुकीचा भरला. मेलेला माणूस काय उत्तर देते? नळावर मी गेली का बाया गप्प होतात. माझ्या पोराचं नाव त्या लॉटसंगं घेतात.

त्यानं भरलेला खरा आकडा त्या डब्यात आहे. तो बाहेर आला का साऱ्यांची तोंडं बंद होतील. तुझंही. वकारच्या चाळिसाव्याच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, "अम्मी, ते मे महिन्यापासून नीट जेवत नव्हते, प्लांटात काहीतरी झालं होतं" असं कोण बोललं होतं? मी त्यावर तुले काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. तुले आठवते.

डबा पाठव. अन् नगमाच्या कानात अजान कोणी दिली, तेवढं कळव.

नसीमबानो


अकोट, २४ नोव्हेंबर २००६

अफिफा,

तुझी चिठ्ठी भेटली. उर्दूत दोन ओळी. "पेटी उघडली नाही, उघडणार नाही. त्यात त्यांचा वास आहे."

वाचून मी आधी चिडली. कायचा वास? डांबराच्या गोळ्यांचा असंल. मंग जेवाले बसली अन् जेवण गेलं नाही.

बेटी, मी त्याचे कपडे चाळिसाव्याले वाटून दिले. रिवाज आहे, सवाब होते, मेलेल्याले पुण्य पोचते, म्हणून दिले. तू त्याचं एक स्वेटर मागितलं होतंस, तेही मी धारणीहून मागाले येणाऱ्या एका बाईले देऊन टाकलं. थंडी सुरू झाली अन् मले वाटून राहिलं, माझ्या घरात आता त्याच्या वासाचं काहीच नाही. तुझ्या पेटीत आहे. म्हणून तुझा राग समजतो. पण त्यानंच लिहिलेलं एक कलम सांगते. वर्षातून एकदा ती प्रत उघडून, चालवून पाहायची, अन् पाहिलं म्हणून सही करायची. मी विचारलं होतं, कायले ही झंझट? तर म्हणाला, "अम्मी, उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे प्रत नाही. नुसता डबा." त्याचं काम अर्धं राहिलं आहे, अफिफा.

अन् एक गोठ झाली ते सांगते. परवा दारात एक म्हातारा उभा. धोतर, डोक्याले पंचा, हातात झेंडूची टोपली. मी म्हटलं, फुलं नाही पाहिजेत बाप्पा. तर म्हणाला, "फुलं इकाले नाई आलो, बाई. मी वामनराव. तुमच्या पोराले अखेरचं मीनंच पानी देल्लं."

मी त्याले बसवलं. जातीनं माळी, फुलं अन् भाजी करते, औंदा पाच एकरांत सरकी लावली होती. त्याच लॉटची. मले वाटलं भांडाले आला. पण आवाजही चढवला नाही त्यानं. म्हणे जुलैत एका सकाळी वकार गाडी घेऊन त्याच्या वावरात गेला होता. ओळख ना पाळख. बांधावर बसला. "मले म्हने, काका, किती उगवलं? मी म्हनलं, अर्धंबी नाई, पोरा. मंग थो तासातासातून चालत गेला, खाली वाकून वाकून पाहे. पानी पेला. अन् निंगाला."

तिथून येतानाच पुलाजवळ ट्रकनं उडवलं त्याले. आपल्याले वाटे का प्लांटच्या कामानं गेला होता. प्लांटनं त्याले पाठवलंच नव्हतं.

वामनरावानं अन् त्याच्या गावच्या लोकांनी अकोल्याले ग्राहक मंचात केस लावली आहे. त्यांचं म्हणणं असं का लॉट खराब होता अन् प्लांटले ते पहिलेच ठाऊक होतं. प्लांट म्हणते, आमच्याजवळ काहीच शिल्लक नाही, कम्प्युटर जळलं. म्हाताऱ्यानं मले विचारलं, "तुमच्या पोराचं काई कागदपत्र घरी हाय का?" मी नाही म्हटलं. खोटं नव्हतं, घरी नाही, तुझ्याकडे आहे. झेंडू तसाच ठेवून गेला. मी त्याची माळ करून दाराले लावली. तुझ्या नंदा असत्या तर म्हणाल्या असत्या, अम्मीनं हे काय काढलं. पण नंदा तुले कुठून? एकच तर होता माझा.

उघड बेटी, एकदा. हात आत घाल, डबा काढ, लगेच बंद कर. वास कुठं जात नाही.

नसीमबानो


अकोट, १३ डिसेंबर २००६

अफिफा बेटी,

डबा भेटला. गुलफाम एस.टी.नं घेऊन आला. छातीशी धरून आणला, म्हणे आपानं सांगितलं होतं का खाली ठेवू नको. मी त्याले जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुझा भाऊ खाते बरं, वाळला दिसते तरी. त्यानं सांगितलं का पेटी तू स्वतः उघडली.

डब्याले तुझी हिरवी ओढणी गुंडाळलेली आहे. ती परत देऊ नये अशी इच्छा होते. पण देईन.

आता ऐक. काल कोण आलं असंल आपल्या घरी? प्लांटचे मॅनेजर साहेब. लेकरू जाऊन पाच महिने झाले, दुसऱ्यांदा तोंड दाखवलं. खुर्ची नाही, तर रजयांच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांच्या कानावर गेलंच होतं का डिस्क कुठंतरी आहे. अकोटात मुंगी मेली तरी समजते.

म्हणाले, "नसीमबानो, मंचापुढे आम्ही नजरचूक म्हणून लिहून देतो. माणसाची नजरचूक होते. तुमच्या मुलाचं नाव खराब होणार नाही. ती डिस्क प्लांटची मालमत्ता आहे, तेवढी आणून द्या."

मी म्हटलं, त्यानं चूक केलीच नाही तर नजरचूक कायची?

तर हसले. मंग हळूच म्हणाले, "सून कुठे आहे? बारावी सायन्स आहे ना? लॅबमध्ये जागा रिकामी आहे. मुलीला घेऊन अकोटला येऊ द्या तिला. आम्ही कायम करून घेऊ."

खरं सांगू? तू सकाळी जेवणाचा डबा घेऊन प्लांटले निघाली आहेस, अन् नगमा इथं माझ्या रजयांत लोळून राहिली, कापूस तोंडात घालून राहिली, असं डोळ्यांपुढं उभं राहिलं. रात्रभर तेच. मी अजून तिचा चेहरा पाहिला नाही, तरी चेहरा दिसत होता.

पण आधी वकारचं. तो खरा ठरला का प्लांटले झक मारून माफी मागा लागेल, अन् तुले नोकरी मागाचीही गरज पडणार नाही, आपोआप देतील. बसस्टँडजवळ सागरचा कम्प्युटर क्लास आहे, वकारसंगं शिकलेला पोरगा. उद्या त्याच्याकडे जाते. अल्लाहनं केलं तर पुढच्या जुम्याले मी अचलपूरले येईन. तू दार उघड, बाकी मी पाहून घेते.

नगमासाठी एक छोटी रजई भरून राहिली. कापूस दोनदा पिंजून घेतला.

तुझी अम्मी


अकोट, १९ डिसेंबर २००६

अफिफा,

सागरकडे जाऊन आली. डिस्क चालली नाही. खराब झाली म्हणते. पेटीत ओल लागली असंल, कोणाचा दोष नाही.

आता हा विषय सोडून देऊ. साहेबाले मी डिस्क देऊन टाकते, तशीही काही कामाची नाही. तू नोकरीचा विचार कर. जागा चांगली आहे. इथं थंडी लय पडली आहे, पोरीले टोपरं घालत जा. शुक्रवारी येणं होत नाही, कंबर दुखते.

नसीमबानो


अकोट, ३ जानेवारी २००७

अफिफा, माझ्या पोरी,

ईद झाली. तुमच्याकडची कशी झाली ठाऊक नाही. माझ्याकडे शेजाऱ्यांनी कुर्बानीचा वाटा आणून दिला, तो मी तसाच दुसऱ्याले दिला.

मागचं पत्र काढ. फाडलं नसशील, तू काही फाडत नाहीस. त्यात लिहिलं आहे का डिस्क चालली नाही. त्या ओळीवर पेनानं एक आडवी रेघ ओढ. गिरगोटू नको. वकारनं एकदा मले रजयांच्या वहीत आकडा गिरगोटताना पाहिलं होतं, तर काय ओरडला! "अम्मी, चूक झाली तर खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. एक रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूले खरं लिहायचं अन् सही करायची." कार्यपद्धतीत होतं ते, त्यानंच लिहिलेलं. तर तू रेघ ओढ, बाजूले खरं मी इथं लिहून राहिली.

डिस्क चालली. पहिल्याच वेळी चालली.

दर शुक्रवारची वेगळी फाईल होती, तारखेवार. सागर एकेक उघडून वाचे, मी स्टुलावर बसली होती. मे महिन्याच्या एका शुक्रवारी तो लॉट भेटला. शंभर दाण्यांतून बावन्न उगवले. लॉट बाद. त्याखाली वकारचं नाव. मी सागरले म्हटलं, पाहा, माझा पोरगा, पाहा! आवाज एवढा मोठा झाला का क्लासमधली लेकरं वळून पाहाले लागली. त्याच फाईलीत साहेबाले पाठवलेला अहवालही होता, बावन्नचाच. म्हणजे साहेबाले ठाऊक होतं. मी उठून उभी राहिली, चपला घातल्या.

सागर म्हणाला, "काकू, थांबा. पुढचा शुक्रवारही पाहू."

पुढच्या शुक्रवारी तोच लॉट. शंभरातून एक्क्याऐंशी. लॉट पास. त्याखालीही वकारचंच नाव.

मी म्हटलं दुसऱ्या कोणी त्याच्या नावानं भरलं असंल. सागरचे डोळे भरले होते. मंग त्यानं दाखवलं का त्याच दिवशी त्याच्या नावानं आणखी किती लॉट भरले होते, दिवसभर तोच बसून होता. दुसरं कोणी नव्हतं, बेटी. तोच होता.

मे महिन्यापासून नीट जेवत नव्हता. तू बोलली होतीस. अन् मी तुले पाहुण्यांसमोर म्हटलं का तूच त्याची रोटी हराम केली. आता लिहिलं. यावर रेघ ओढता येत नाही, तरी ओढ.

त्याच मे महिन्यात मी त्याले रोज म्हणत होती, नोकरी पक्की करून घे, बाप होणार आहेस. साहेबानं काय म्हटलं असंल मले ठाऊक नाही, पण मी काय म्हटलं ते ठाऊक आहे.

तुले खोटं पत्र लिहिलं अन् डबा रजयांखाली दाबून ठेवला. साहेबाले द्यायचा होता. नजरचूक लिहितील, तू येशील, नगमा येईल. मेलेल्याचंही नाव राहील, जित्यांचंही घर चालेल. वाईट काय आहे त्यात? मी दोन दिवस स्वतःलेच विचारत राहिली. बकरीदच्या आधी वामनराव पुन्हा आला. झेंडूच घेऊन. डब्याचं त्यानं विचारलंही नाही. जाताना म्हणे, "बाई, तुमचा पोरगा वावरातून गेला तवा एक-एक उगवलेलं झाड हातानं मोजून गेला. असा मानूस मी पाह्यला नाई."

तो गेल्यावर मी सागरकडे पुन्हा गेली. एक गोष्ट मले खटकत होती. कार्यपद्धतीत लिहिलं होतं का महिना झाला का जुनी प्रत पुसायची, डब्यात जागा राहात नाही. सागरले म्हटलं, पाहा, मागच्या वर्षीच्या प्रती आहेत का? नव्हत्या. एप्रिलच्या? त्याही नव्हत्या. त्यानं नियमानं सगळ्या पुसल्या होत्या, फक्त ते दोन शुक्रवार ठेवले होते. बावन्नवाला अन् एक्क्याऐंशीवाला. जून गेला, जुलै आला, तरी पुसले नाहीत. दर जुम्याले तो डबा घरी आणे, तुझ्या पेटीत ठेवे, कुलूप लावे अन् नमाजी टोपी काढून जेवाले बसे. आपल्या दोघींच्या मधात बसे तो, अफिफा. एकीनंही विचारलं नाही.

मी काय केलं ते सांगते, मंग तुले रडायचं तर रड, शिव्या द्यायच्या तर दे.

काल वामनरावासंगं अकोल्याले गेली. सागरनं नव्या डिस्कवर दोन प्रती काढून दिल्या होत्या. एक त्यांच्या वकिलाले दिली, एक मंचात जमा केली. वकील चांगला माणूस, जमा कराच्या आधी त्यानं विचारलं, "आई, दुसऱ्या शुक्रवारची फाईल नाही दिली तरी आपलं काम होते. पहिल्या फाईलनंच प्लांटले ठाऊक होतं हे सिद्ध होते. तुमच्या मुलाचं नाव कशाले..." वामनराव मान खाली घालून बसला होता. त्यालेही तेच वाटत होतं.

माझ्या जिभेवर हो आलं होतं, बेटी. खरंच आलं होतं. मंग म्हटलं, नाही साहेब, दोन्ही ठेवा. एक ठेवली अन् एक काढली तर मी त्याच साहेबासारखी झाली.

उद्यापासून अकोटात म्हणतील का नसीमबानोच्या पोरानं पैसे खाल्ले. खाल्ले नाहीत, पण म्हणतील. नळावर आता बाया गप्प नाही राहणार, बोलतील. मॅनेजरचा निरोप आला का लॅबमधली जागा भरली. ते तुझं नुकसान मी केलं, तुले न विचारता. मले माफ कर का नको करू, पण तू अकोटले येणार नाहीस, हे मीनंच माझ्या हातानं ठरवलं, एवढं मले माहीत आहे. येताना रस्त्यात मी खूप रडली. एस.टी.त वामनराव बाजूले बसला होता, त्यानं पंचा दिला डोळे पुसाले. त्याले झेंडूचा वास होता.

गुलफामच्या हाती दोन वस्तू पाठवून राहिली. एक रजई, नगमाची. दुसरा तोच काळा डबा, तुझ्या ओढणीत गुंडाळून. पुन्हा पेटीत ठेव, हिरव्या जोड्याखाली. मंचातली प्रत मंचात, वकिलाची वकिलाकडे, पण एक दुसऱ्या इमारतीत पाहिजे. माझ्या घरी नको, माझा भरोसा नाही, एकदा मी ती रजयांखाली दाबली आहे. वर्षातून एकदा उघडून पाहात जा. अचलपुरात कोणाकडे तरी कम्प्युटर असंल.

पोरगी मोठी होईल अन् शाळेत तिले कोणी काही बोललं तर घरी येऊन विचारेल, अब्बू कसे होते. तेव्हा लपवू नको. दोन्ही आकडे सांग. पण बेटी, मी हात जोडते, एक्क्याऐंशी पहिले नको सांगू. आधी बावन्न सांग.

सही करते अन् तारीख घालते, त्याच्या नियमानं.

नसीमबानो
३ जानेवारी २००७